मिर्झा गालिब स्ट्रीटवरची आर्मेनियन शाळा

४ जानेवारी : दारापाशी

कलकत्त्यातल्या हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात सामान टाकलं, आंघोळ उरकली आणि यतीन दास पार्कहून मेट्रोने पार्क स्ट्रीटला आले. तिथून चालत मिर्झा गालिब स्ट्रीट. जुने लोक अजूनही हिला फ्री स्कूल स्ट्रीटच म्हणतात. जुन्या ग्रामोफोन तबकड्यांची आणि वापरलेल्या पुस्तकांची दुकानं, स्वस्तातली लॉजं, चहाच्या टपऱ्या, हातरिक्षावाल्यांच्या घंटा. या सगळ्या गर्दीत एक जुनी कोठी आणि तिला मोठं फाटक. थॅकरे हा इंग्रज कादंबरीकार १८११ साली इथे जन्मला, असं सांगणारी पाटी तिथे आहे. पर्यटक ती पाटी वाचतात, फोटो काढतात आणि न्यू मार्केटकडे निघून जातात. मी आले होते ती थॅकरेसाठी नव्हे, शाळेसाठी.

शाळेचं नाव आर्मेनियन कॉलेज अँड फिलॅन्थ्रॉपिक अकॅडमी. नावात कॉलेज असलं तरी ही मुलामुलींची निवासी शाळा आहे. २ एप्रिल १८२१ रोजी ती सुरू झाली. पेशवाई बुडून तेव्हा तीनच वर्षं झाली होती. मिर्झा गालिब १८२८ साली पेन्शनच्या खटपटीसाठी कलकत्त्याला आला तेव्हा शाळा सात वर्षांची होती. या रस्त्याला त्याचं नाव मिळायला मात्र अजून खूप अवकाश होता, आणि शाळाही तेव्हा इथे नव्हती. ती होती उत्तरेला, जुन्या चिना बाजारात, आर्मेनियन चर्चच्या शेजारी. या कोठीत ती आली १८८४ साली.

मी आधीच पत्र पाठवून आत येण्याची परवानगी मागितली होती. सहा तारखेला त्यांचा नाताळ, त्यामुळे आठ तारखेला या, असं उत्तर आलं होतं. तेव्हा आज फाटकाबाहेरूनच दर्शन. आतून मुलांचा आरडाओरडा ऐकू येत होता. भाषा मला एका अक्षरानेही कळत नव्हती, पण मधूनच 'अरे यार' असं खणखणीत हिंदी कानावर आलं.

मी आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं. आमच्या शाळेचा पट कमी होत गेला, तुकड्या बंद झाल्या, शेवटी शाळाच दुसऱ्या शाळेत 'समायोजित' झाली. एवढ्या मोठ्या समाजाची भाषा असून आमच्या वर्गांत मुलं नाहीत, आणि कलकत्त्यात मूठभर उरलेल्या लोकांची शाळा दोनशे वर्षं ओलांडून चालू आहे. ती कशी चालते, हे मला डोळ्यांनी पाहायचं होतं.

५ जानेवारी : आर्मेनियन स्ट्रीट

बडा बाजारात सकाळी नऊनंतर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून लवकर निघाले. आर्मेनियन स्ट्रीटवर हमाल कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेऊन धावत होते. एका बोळाच्या तोंडाशी चर्चचं प्रवेशद्वार लागतं. आत शिरलं की बाजाराचा गलबला एकदम मागे पडतो.

पवित्र नाझरेथचं हे चर्च १७२४ साली आगा जेकब नाझर यांनी बांधून घेतलं. मनोरा दहा वर्षांनी, १७३४ साली उठला. त्याआधी इथे लाकडी चर्च होतं, ते १७०७ साली जळालं. त्या लाकडी चर्चमागचा करार मोठा वाचण्यासारखा आहे. १६८८ साली ख्वाजा फानूस कलंदर या व्यापाऱ्याने लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी तो केला. कंपनीच्या ज्या ठाण्यात चाळीस आर्मेनियन वस्तीला येतील तिथे कंपनी त्यांना चर्च बांधून देईल आणि सात वर्षं धर्मगुरूला सालीना पन्नास पौंड देईल, असं त्यात ठरलं. व्यापाराच्या सवलती मागताना त्याच कागदावर देवळाची सोयही लिहून घेणारे हे लोक होते. शाळा पुढे का निघाली, त्याचं उत्तर मला तिथेच मिळालं.

अंगण म्हणजे सगळं दफनस्थानच. चालताना पाय शिळांवरच पडतो. काही शिळांवर मृताच्या धंद्याची हत्यारं कोरलेली, काहींवर कवटी आणि हाडं. मी शोधत होते ती रेझाबीबीची शिळा. काळा दगड, त्यावर आर्मेनियन अक्षरं, कडा झिजलेल्या. परोपकारी सुकियासची पत्नी रेझाबीबी, साल १६३०. कंपनीचा अधिकारी जॉब चार्नॉक, कलकत्ता जिथे वसलं त्या सुतानुटी गावी उतरला तो १६९० साली. म्हणजे कंपनीच्या कलकत्त्याच्या साठ वर्षं आधीची ही तारीख. हा लेख वाचून जगासमोर आणला तो मेसरोब जेकब सेठ यांनी, १८९४ साली. काही अभ्यासकांनी त्या सालावर शंका घेतली आहे. तरी दगडाजवळ उकिडवं बसून त्या अक्षरांवरून नजर फिरवताना मला शंकेपेक्षा सेठ यांचंच कौतुक वाटत राहिलं. ते नव्या जुल्फात जन्मले, लहानपणी कलकत्त्याला आले, याच शाळेत शिकले, पुढे याच शाळेत शिकवू लागले. भारतातल्या आर्मेनियनांचा जाडजूड इतिहास त्यांनी १९३७ साली छापला. आज या विषयावर कोणीही लिहायला बसलं तरी त्यांच्याकडून उसनं घेतल्याशिवाय भागत नाही. एका शाळेने एक असा विद्यार्थी घडवला तरी तिच्यावर झालेला खर्च वसूल झाला असं मी मानते.

हे लोक आले कुठून, ते इथे सांगायला हवं. इराणच्या शाह अब्बासने १६०४-०५ मध्ये अरास नदीकाठचं जुल्फा शहर रिकामं केलं आणि तिथल्या आर्मेनियनांना इस्फहानला नेऊन वसवलं. तेच नवं जुल्फा. तिथून ते रेशीम, रत्नं, कापड घेऊन सुरत, आग्रा, मद्रास, चुचुडा असे पसरत गेले. आपल्या मुंबईतही फोर्टमध्ये मेडोज स्ट्रीटवर त्यांचं सेंट पीटर्स चर्च १७९६ पासून आहे. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्यांपैकी किती जणांना ते ठाऊक असेल!

व्यापारी माणूस चार भाषा बोलतो. फारसी दरबारात, हिंदुस्थानी बाजारात, इंग्रजी कंपनीच्या कचेरीत. आर्मेनियन उरली घरात आणि चर्चमध्ये. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला घरातलीही जाऊ लागली. मद्रासमध्ये १७९४ साली हारुत्युन श्मावोनियान या धर्मगुरूने 'अझ्दारार' काढलं, ते जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक. म्हणजे भारतातल्या आर्मेनियनांकडे छापखाना होता, पैसा होता, विचार करणारी डोकी होती. वाचणारी पुढची पिढी घडवायची तर शाळा हवी होती. कलकत्त्यात आराथून कालूस नावाचे गृहस्थ अठराव्या शतकाच्या अखेरीस खासगी शाळा चालवत होते, ती पुढे या शाळेतच मिळाली. अस्तवात्सातूर मुरादखान आणि मनात्सकान वार्दोन यांच्या देणग्यांनी पाया घातला, बाकीच्या समाजाने वर्गणी जमवली. शहरात हिंदू कॉलेज १८१७ ला निघालं होतं, बिशप्स कॉलेज १८२० ला. इंग्रजी शिकायला जागांची वाण नव्हती. ही शाळा निघाली ती आर्मेनियन शिकायला, आणि म्हणूनच ती गरजेची होती.

दुपारी चालत आर्मेनियन घाटावर गेले. १८७३ च्या फेब्रुवारीत घोड्यांची पहिली ट्राम सियालदाहून याच घाटापर्यंत धावली होती. आता घाटावर काही मुलं पतंग उडवत होती आणि समोर हावडा पूल धुक्यात अर्धा दिसत होता.

६ जानेवारी : त्यांचा नाताळ

आर्मेनियन चर्च ख्रिस्तजन्म आणि ख्रिस्ताचा बाप्तिस्मा एकाच दिवशी, ६ जानेवारीला साजरा करतं. मी डोक्यावर ओढणी घेऊन मागच्या बाकावर बसले. थोड्या वेळाने शाळेची मुलं आली. मुलगे कोटात, मुली पांढऱ्या रुमालांत. ती आली आणि चर्च भरलं. ती नसती तर तिथे मोजकी म्हातारी माणसं, काही वकिलातीचे पाहुणे आणि माझ्यासारखे बघे एवढेच उरले असते.

हे त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं आणि मग डोक्यातून जाईना. गायनवृंद शाळेचा. मेणबत्त्या धरणारी मुलं शाळेची. धर्मगुरूच्या मागे धूपदान हलवणारा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा शाळेचा. पूजेची भाषा प्राचीन आर्मेनियन, मेसरोप माश्तोत्स यांनी ४०५ साली तयार केलेल्या लिपीतून चालत आलेली. वेदीसमोरचा पडदा ओढला गेला, पुन्हा उघडला, आणि मुलींच्या रांगेतून एक उंच सूर निघाला तो थेट छतापर्यंत गेला. अर्थ कळत नसूनही माझे डोळे भरून आले.

शेवटी पाणी आशीर्वादित करण्याचा विधी झाला. मोठ्या भांड्यातल्या पाण्यात धर्मगुरूने क्रूस बुडवला, तेल घातलं, आणि मग सगळ्यांना ते पाणी वाटलं. पोरांनी बिस्लेरीच्या रिकाम्या बाटल्या आणल्या होत्या. एक छोटा मुलगा, कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या, दोन बाटल्या घेऊन उभा होता. दुसरी कुणासाठी, असं मी इंग्रजीत विचारलं. "आजीसाठी. ग्युमरीला," तो म्हणाला. ग्युमरी आर्मेनियाच्या वायव्येला आहे. उन्हाळ्यात घरी जाईपर्यंत ती बाटली तो पेटीत जपून ठेवणार होता. मोठी मुलं एकमेकांना 'क्रिस्तोस त्सनाव येव हायतनेत्साव' म्हणत होती, ख्रिस्त जन्मला आणि प्रकट झाला. मलाही एका मुलीने ते म्हणून दाखवलं आणि मी नीट म्हणेपर्यंत सोडलं नाही. शिक्षिका होणार ती पोरगी!

अंगणात सगळ्यांना जेवण होतं. द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला डोलमा होता. बंगाली घरांत परवर पोखरून आत सारण भरून दोरमा करतात, तो या डोलम्यावरूनच आला असं कलकत्त्यात मानलं जातं. माझ्या शेजारच्या बंगाली बाईंनी ते छातीठोकपणे सांगितलं.

७ जानेवारी : चुचुडा

नाताळाचा दुसरा दिवस मृतांच्या स्मरणाचा असतो. मी हावड्याहून लोकल पकडून हुगळी नदीकाठच्या चुचुड्याला गेले. तासाभराचा प्रवास. सेंट जॉन द बॅप्टिस्टचं आर्मेनियन चर्च इथे १६९५ ला सुरू झालं आणि १६९७ ला पुरं झालं, मार्गार घराण्याने बांधलं. एरवी बंद असतं, जानेवारीतल्या एका रविवारी कलकत्त्याचे आर्मेनियन इथे एकत्र जमून पूजा करतात. शाळेची मुलंही येतात. राखणदाराने अंगणातल्या शिळा पाहू दिल्या.

मराठी माणसाने हुगळीकाठी आलं की एक गोष्ट विसरून चालत नाही. १७४२ मध्ये मराठ्यांच्या फौजांनी चुचुड्याला लागूनचं हुगळी शहर घेतलं होतं. बर्गी म्हणजे बारगीर, त्यांच्या नावाची भीती बंगाली आया आजही अंगाईत मुलांना घालतात. कलकत्त्याभोवती त्या वेळी मराठा खंदक खणला गेला, आणि आतल्या रहिवाशांत आर्मेनियनही होते. ज्यांच्या पिढ्या एका बादशहाच्या हुकमाने उठवल्या गेल्या होत्या, त्यांना इथे आपल्या घोडेस्वारांची धास्ती घ्यावी लागली. मला ते वाचताना नेहमीच टोचतं.

८ जानेवारी : शाळेत

ठरल्याप्रमाणे सकाळी फाटक उघडलं. सुट्टी अजून संपली नव्हती, वर्ग रिकामे होते, पण वसतिगृह भरलेलं. शाळेतल्या एका बाईंनी मला सगळीकडे फिरवलं.

ग्रंथालयाला अरारतियन ग्रंथालय म्हणतात, १८२८ सालचं. जुनी आर्मेनियन पुस्तकं, त्यांतली बरीच इथेच कलकत्त्यात छापलेली. योहानेस अवदाल हे दीर्घकाळ इथले मुख्याध्यापक होते. शिराझमध्ये जन्मलेला हा माणूस. चामचियान यांच्या आर्मेनियाच्या इतिहासाचं त्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १८२७ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कलकत्त्यात छापलं गेलं. त्याच काळात या शहरात मेसरोब ताघियादियान यांनी 'अझ्गासेर' हे नियतकालिक चालवलं आणि १८४६ मध्ये संत सांदुख्त हिच्या नावाने मुलींसाठी शाळा काढली. सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेच्या दोन वर्षं आधी! ती फार टिकली नाही. मुलींची सोय पुढे १९२२ साली डेव्हिडियन गर्ल्स स्कूलने केली, आणि नंतर ती शाळा याच शाळेत एकत्र झाली. म्हणून आज वसतिगृहाला दोन बाजू आहेत.

एका वर्गात फळ्यावर सुट्टीपूर्वीचं लिखाण तसंच होतं. वर आर्मेनियन, खाली इंग्रजी, कोपऱ्यात देवनागरीत 'मेरा नाम'. एका बाकावर कुणीतरी करकटकाने अरारात पर्वताची दोन शिखरं कोरलेली. मी त्या बाकावर जरा बसले.

बाईंशी बोलताना मी थेट विचारलं, पट कसा टिकवता? त्यांनी सांगितलं त्याला सेठ यांच्या इतिहासाची जोड दिली तर गोष्ट अशी उभी राहते. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्याच व्यापाऱ्यांची मुलं इथे यायची. श्रीमंत घरं पुढे मुलांना इंग्रजी शाळांत घालू लागली. सर कॅचिक पॉल चेटर हे हाँगकाँगला जाऊन बडे आसामी झाले, ते ला मार्टिनियरमध्ये शिकले होते. तेव्हा या शाळेने इराणकडे पाहिलं. नव्या जुल्फाच्या आणि आसपासच्या आर्मेनियन खेड्यांतल्या गरीब, पोरक्या मुलांना इथे आणून जेवण-खाण, राहणं, शिकणं सगळं फुकट द्यायला सुरुवात झाली. खर्च श्रीमंतांनी मागे ठेवलेल्या देणग्यांतून. १९४७ नंतर कलकत्त्याची आर्मेनियन घरं ऑस्ट्रेलिया, इंग्लंडला निघून गेली, तरी इराणची मुलं येत राहिली. १९७९ च्या क्रांतीनंतर तो ओघ आटला. आणि १९९१ ला आर्मेनिया स्वतंत्र झाला, पण तिथे हलाखी होती. १९९९ मध्ये शाळेचा कारभार आर्मेनियातल्या एच्मियाद्झिन इथल्या, आर्मेनियन चर्चच्या मुख्य धर्मपीठाने हाती घेतला, आणि मुलं आर्मेनियातून येऊ लागली, पुढे इराकमधूनही.

माझ्या दृष्टीने या शाळेचं मोठेपण इथे आहे. पट घसरला की आपल्याकडे शाळा बंद करण्याचा आदेश निघतो. यांनी पट घसरला तेव्हा समुद्रापलीकडे जाऊन मुलं शोधली, आणि त्या मुलांतूनच शहरातला समाज पुन्हा उभा केला. आज कलकत्त्यात जे थोडे आर्मेनियन आहेत त्यांतले बरेच या शाळेत शिकायला आलेले आणि इथेच राहिलेले. समाज होता म्हणून शाळा निघाली, हे १८२१ चं. आता शाळा आहे म्हणून समाज आहे. आपल्याकडे पैसा नाही असं मला कुणी सांगू नये. ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो मागे कशासाठी ठेवला, एवढाच फरक आहे.

दुपारी मुलं मैदानावर रग्बी खेळायला निघाली. रग्बी या शाळेच्या रक्तात आहे, भारतीय संघातही इथले खेळाडू गेलेत. आणि शहरही त्या खेळाचं जुनं: कलकत्ता फुटबॉल क्लब हा खरं तर रग्बीचा क्लब, तो १८७८ ला मोडला तेव्हा शिल्लक चांदीचे रुपये वितळवून जो चषक केला, त्यासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही खेळतात.

मैदानाच्या कडेला एक माजी विद्यार्थी भेटले, सत्तरी ओलांडलेले, अस्खलित हिंदी-बंगाली बोलणारे. साठच्या दशकात इस्फहानजवळच्या खेड्यातून ते निघाले, तेव्हा आठ वर्षांचे होते. खुर्रमशहरहून बोटीने मुंबई, बॅलार्ड पियरला उतरले तर धो धो पाऊस. "तेवढं पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. वाटलं, हे शहर संध्याकाळपर्यंत वाहून जाणार." तिथून व्हीटी, आणि हावड्याची गाडी. आईला पुन्हा भेटले ते शाळा संपवूनच. याचं दुःख त्यांनी लपवलं नाही. "शाळेने सगळं दिलं, पण आईजवळची नऊ वर्षं घेतली," असं ते सरळ म्हणाले. मी हेही इथे लिहून ठेवते, कारण असल्या शाळांची किंमत कुणीतरी लहान मूल मोजत असतं.

त्यांना आता घोर आहे तो वेगळा. शाळा संपली की मुलं परत आर्मेनियाला, येरेवानला जातात. म्हणून ते मोठ्या मुलांना सेंट झेवियर्स कॉलेजची, जादवपूर विद्यापीठाची माहिती काढून देतात, भाड्याच्या खोल्या बघून ठेवतात, गेल्या वर्षी एकाला नोकरीही लावून दिली. "दर वर्षी दोघं जरी थांबली तरी पुरे," ते म्हणाले, आणि पंधरा नंबरच्या मुलाने चेंडू सोडला म्हणून आर्मेनियनमध्ये त्याच्यावर ओरडले.